कालू गजकडी

रुमाल चौदा.
वाळवीनं कडेची दोन बोटं खाल्ली,
मजकुराला तोंड लावलेलं नाही.
तिला मोडी येत नसावी.

मला येते, थोडी.
नंदगडच्या एका निवृत्त तलाठ्यानं शिकवली,
जमिनीच्या कागदांना उपयोगी पडेल म्हणून.
आता बेळगावात, कॉलेजच्या पोटमाळ्यावर,
महिना आठ हजारांवर
मेलेल्या माणसांची पत्रं तारीखवार लावते.

सन चौतीस. मुक्काम शहापूर.
गुरुपादप्पा कामकर, विणकर, यांजकडून
ग्रंथपाल हलगेकर यांस.
शहापूर तेव्हा सांगलीकरांचं,
कॉलेज साहेबाच्या मुलखात,
मधे एक नाका आणि एक चिंच.
पुस्तकांच्या बांधणीस तांबडं कापड,
वार आठ, जकात आठ वारांची भरली,
रंग पक्का, घामेजल्या हातालाही लागणार नाही.
इथवर अक्षर ताठ, दरबारी.
मग अगदी तळाला एकच ओळ,
बोरू पुन्हा न बुडवता ओढलेली, फिकट होत गेलेली:

कालुगजकडिमीमगळगोंबिगे

मोडीत शब्दांना दारं नसतात.
आधी रेघ ओढायची, मग अक्षरं
तिच्यावर वाळत घालायची.
तीन दिवस ती दोरी चाचपली.
शेवटी एक माणूस हाती लागला:
कालू गजकडी.
व्यक्तिसूचीत त्याचं कार्ड केलं.
व्यवसाय, बहुधा हमाल.
कापड त्यानंच डोक्यावरून आणलं असणार.
राहणार मगळगोंबी.
नकाशा पसरून जांबोटीपासून पार चोर्ल्यापर्यंत बोट फिरवलं.
कणकुंबी आहे,
तर मगळगोंबी का नसावी?

चौथ्या दिवशी मल्लव्वा फरशी पुसत होती.
मी पुन्हा मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून,
पहिलीतलं पोर वाचतं तसं.
तिचं फडकं थांबलं.
"परत म्हणा की, बाई."
म्हटलं.
"हे आमचं आहे की हो!
कालु गज कडिमी. पाव गज कमी हाय म्हंतोय.
मगळ गोंबिगे.
लेकीच्या बावलीला घेतलंय."

तिला एक अक्षर वाचता येत नाही.
मला एक शब्द कळला नव्हता.
आम्ही दोघी त्या कागदावर वाकून
बराच वेळ तशाच,
तिच्या हातातून फिनेलचं पाणी ठिबकत होतं,
आणि मी एरवी ओरडले असते.

जावक वही काढली.
हलगेकरांची नक्कल, पाचव्या दिवसाची:
कापड पावले. वार आठ भरले.
रंग मनाजोगा. पुढील खेप याच भावे.
भरले म्हणे.
हलगेकर मोजल्याशिवाय सुतळीचंही बिल देत नसत,
रुमाल एक ते तेरा मी पाहिलेत,
दीड पैशाच्या डिंकासाठी
तीन स्मरणपत्रं पाठवणारा माणूस.
त्यांना कानडी येत होतं का,
हे कुठल्याच कागदात नाही.

तक्त्यात 'भाषा' असा रकाना आहे,
बोटभर रुंद,
एकच शब्द मावेल असा छापलेला.
याच बोटभर जागेसाठी
खाली रस्त्यावर किती पाट्या
पुसल्या, रंगवल्या, पुन्हा पुसल्या.
मी पेन्सिल टेकवली. उचलली.
वरच्या सगळ्या ओळींना एक,
तळच्या ओळीला दुसरी,
आणि लिपी दोघींची एकच.
बाजूला समासात बारीक लिहीत गेले,
समास संपला.

कालूचं कार्ड मात्र काढावं लागलं.
तीन दिवस वावरला बिचारा,
आठ वारांचं ओझं घेऊन
नसलेल्या गावाहून आला होता.
फाडवेना. रुमालातच ठेवला,
दोन्ही पत्रांच्या मधे.

मल्लव्वा बादली उचलून जिन्यापर्यंत गेली
आणि मागे वळली.
"बावलीचं नाव न्हाई लिवलं त्यानं?"
नाही, म्हटलं.
"लिवायला पायजे होतं," म्हणाली,
आणि फडकं घट्ट पिळलं.